सेकंदाला अठरा चित्रं

जयनगर, बंगलोर
रविवार, २१ मार्च १९९९

प्रिय अद्वैत,

तुझ्या तिन्ही ई-मेल मिळाल्या. पहिलीला मी उत्तर दिलं नाही, दुसरीला 'शोधतो' एवढंच लिहिलं आणि तिसरीला पुन्हा गप्प बसलो. तू वैतागला असशील. तिकडे परदेशात तुमच्या कॉम्प्युटरच्या नव्या खेळात आग पेटली की साध्या मशीनवर चित्र अडखळतं, म्हणून सत्त्याण्णव साली तू इथे लिहिलेला आगीच्या प्रोग्रॅमचा तो तुकडा तुला हवा आहे. तुझ्याकडे प्रत राहिली नाही, माझ्याकडे नक्की असेल असं तुला वाटतं. आहे. फ्लॉपी हरवलेली नाही, तिला बुरशीही लागलेली नाही. कपाटात आहे, आणि मी ती पाठवणार नाही. का, ते सांगायला तीनदा ऑफिसच्या मशीनवर बसलो आणि तीनदा लिहिलेलं पुसून टाकलं, कारण पाठीमागून सारखं कुणीतरी जात असतं. आज कागद घेतला आहे. पत्र लांबेल. एकटा असशील तेव्हा वाच.

आधी इकडची खबर. आपली 'किडी' कंपनी बंद होऊन आता सात महिने झाले. कन्नडमध्ये किडी म्हणजे ठिणगी, हे आपले मालक नरसिंहराव प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगायचे आणि आपण दोघं मात्र कीड म्हणून हसायचो, आठवतं ना? चौथ्या ब्लॉकातल्या भांड्यांच्या दुकानावरचा तो मजला आता एका टायपिंग क्लासने घेतला आहे. नरसिंहराव म्हैसूरला मुलीकडे गेले. मी एका मोठ्या कंपनीत जुन्या बँकांच्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं शोधून ती चार आकडी करतो. दिवसभर तेच. डोकं लागत नाही, आणि हल्ली मला तेच बरं वाटतं. घरी कस्तुरी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

तो जूनमधला दिवस तुला माझ्याइतकाच आठवत असेल. आपल्या किल्ल्याच्या खेळातली सातवी लेव्हल, दारूकोठार पेटतं आणि खेळणाऱ्याला आगीतूनच बाहेर पडायचं असतं. बाहेरच्या प्रकाशकांची अट होती की खोक्यावर लिहिलेल्या सगळ्यात हलक्या मशीनवरसुद्धा खेळ सेकंदाला पंधरा चित्रांच्या खाली येता कामा नये. आपल्याकडे तसं मशीन एकच, तो जुना ४८६, ज्याला सगळे अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायचे. अज्जावर आग नऊवर यायची. आपण सावल्या काढल्या, शिपाई निम्मे केले, खिडकीएवढं चित्र करून पाहिलं, मी तटबंदीचे दगड मोठे करून कमी केले. तरी अकराच्या वर सरकेना. मग दुपारी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात टेबलाशी उभ्या उभ्या कॉफी पिताना तू म्हणालास की ज्वाला आरपार दिसावी म्हणून आपण प्रत्येक ठिपक्यावर मागचा आणि पुढचा रंग मिसळतो, त्यातच अज्जाचा दम निघतो. तर मिसळायचंच कशाला? एका चित्रात आग पूर्ण काढायची, पुढच्या चित्रात काढायचीच नाही, त्याच्या पुढच्यात परत काढायची. मिसळायचं काम डोळा करेल.

संध्याकाळी पाचपर्यंत तू ते लिहून काढलंस. तुझ्या पेंटियमवर पडद्यावर जी आग दिसली तशी आपल्यापैकी कुणीच तोवर पाहिली नव्हती. धुरकट, आरपार, मागचा बुरूज तिच्यातून हलताना दिसतोय. नरसिंहरावांनी खालून म्हैसूरपाक मागवला. तू मला विचारलंस, "अज्जावर बघितलंस का?" आणि मी "हो, अठरा" म्हणालो. ते खोटं नव्हतं. मी अज्जाच्या आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो होतो, खेळ तपासणाऱ्या अंजलीने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचून दाखवला, मी तो ऐकला आणि मागे फिरलो. पडद्याकडे मी पाहिलं नव्हतं. पेंटियमवर चित्रं इतकी भराभर येतात की आगीचं असणं-नसणं डोळ्यात खरंच मिसळतं. अज्जावर अठरा चित्रं म्हणजे नऊ वेळा आग आणि नऊ वेळा अंधार, दर सेकंदाला. डोळ्यात मिसळण्याइतकं ते जलद नाही. तो लाल-पांढरा लखलखाट असतो, पूर्ण पडदाभर. हे तुझ्या-माझ्यासारख्या माणसाला कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं. आपण आकडा बघत होतो.

अंजली ठवकर तुझ्या डोळ्यांसमोर किती आहे, माहीत नाही. तू गेलास तेव्हा तिला येऊन चार महिने झाले होते. नागपूरची. वडील अजनीला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. बी.एस्सी. करून तिने कुठलासा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि प्रोग्रॅमर व्हायला बंगलोरला आली होती. आपण तिला खेळ तपासायला बसवलं. वर्षभर हे कर, मग कोडिंगला घेतो, असं मीच तिला सांगितलं होतं. नवव्या ब्लॉकात शारदाबाईंकडे ती राहायची. त्यांचं निम्मं कन्नड मराठी आणि हिची नागपुरी, दोघी एकमेकींना काय समजायच्या देव जाणे, पण शारदाबाई रोज तिला डबा भरून द्यायच्या आणि ती त्यांना अक्का म्हणायची. रोज आठ तास ती त्या आतल्या खोलीत अज्जासमोर असायची. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीला खाकी कागद मी चिकटवला होता. तिच्याजवळ एक लांब वही असे. वेळ, लेव्हल, आकडा, शेरा. अक्षर फार सुंदर नव्हतं, पण एकही रकाना कधी रिकामा नसायचा.

तू ऑगस्टमध्ये गेलास. ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर, ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, सातवी लेव्हल लागली का मले काहीतरी होते. मी पाहूनच राहिली असते, अन् मधातले दोन मिनिट कुठं गेले समजतच नाही. हात थांबून जाते." मी माझ्या मशीनवर सातवी लेव्हल लावून तिला दाखवली. "बघ, किती छान चालतेय." ती बघत राहिली, मग म्हणाली, "इथं तं चांगलीच दिसते, सर. तिथं अशी नाही दिसत." मी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तिने चष्मा केला, बारीकसा नंबर निघाला. मी सुटलो असं मला वाटलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर ती एक दिवस रजेवर होती आणि मला एक आकडा हवा होता, म्हणून मी अज्जासमोर बसलो. खोलीत अंधार होता. सातवी लेव्हल सुरू झाली. अद्वैत, पहिल्या दहा सेकंदांत मला सगळं कळलं. डोळे आपोआप मिटायला लागले, कपाळाच्या आत कुणी टकटक करतंय असं झालं. आणि ही मुलगी रोज दहा-दहा वेळा त्यातून जात होती. मी जागेवर येऊन एक ओळ लिहिली: मशीन हळू असेल तर आग आधीसारखी रंग मिसळून काढ, लखलखाट नको. चालवून पाहिलं. अकरा. बारा डिसेंबरला खेळ पाठवायचा होता. अकराने तो परत आला असता आणि प्रकाशकांनी करार तिथेच सोडला असता, हे नरसिंहराव दर सोमवारी बोलून दाखवत होते. मी ती ओळ पुसली. मनाशी म्हटलं, पाठवून होऊ दे, मग घालू. नरसिंहरावांना यातलं काही सांगितलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायची सोय नाही. ते फार तर "स्वल्प ॲडजस्ट करा, सूर्यकांत" म्हणाले असते, किंवा कदाचित घाबरून थांबवलंही असतं. मी त्यांना तशी संधीच दिली नाही.

अंजलीला मी काय सांगितलं, तर सातव्या लेव्हलला मागे सरकून बस आणि मध्ये मध्ये नजर वळव. आणि शेऱ्याच्या रकान्यात डोकेदुखी वगैरे लिहू नकोस, त्या पानांच्या प्रती बाहेर जातात. "सरी सर," असं ती इथल्यासारखं म्हणाली. शारदाबाईंकडून उचललेला, 'बरं'साठीचा शब्द. त्यानंतर तिच्या शेऱ्यात नुसतं 'ठीक' यायला लागलं.

तीन डिसेंबर, बुधवार, सकाळचे साडेअकरा. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. ती जमिनीवर होती, हातपाय झटकत होते, तोंडातून फेस. आम्हाला वाटलं करंट लागला. कुणीतरी मेन स्विच पाडला, त्यामुळे पडदाही गेला. पुढे मला कित्येकदा वाटलं, स्विच पाडला म्हणूनच त्या दिवशी ती वाचली. हॉस्पिटलात मेंदूचे डॉक्टर होते, मध्यम वयाचे, फार शांत. तिला तपासून बाहेर आले आणि मला म्हणाले की घरात कुणाला फिट्स नाहीत असं ती सांगते, स्कॅनमध्येही काही नाही. तर त्या वेळी ती नेमकं काय करत होती? मी म्हटलं, कॉम्प्युटरवर काम. त्यांनी पुन्हा विचारलं, "कसलं काम? पडद्यावर काही लुकलुकणारं, झगझगीत असं? तिला नीट आठवत नाहीये." माझ्याजवळ पूर्ण उत्तर होतं. किती वेळा, कुठल्या रंगात, दर सेकंदाला किती, सगळं. मी म्हणालो, "नाही, साधंच काम असतं. आकडे तपासायचं."

एवढंच वाक्य. ते म्हणताना माझा आवाजही बदलला नाही. डॉक्टरांनी लिहिलं: एकच झटका, कारण सापडलं नाही, गोळ्या सध्या नकोत, विश्रांतीनंतर काम करण्यास हरकत नाही.

बाराला खेळ गेला. पंधराला ती परत आली, आणि मी तिला पेंटियमवर बसवलं, हिशेब चुकता केल्यासारखं. ती खूश होती. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घेऊन यायची, मधल्या वेळात माझ्याकडून एखादी गोष्ट समजावून घ्यायची. तिला लवकर समजायचं. जानेवारीत प्रकाशकांची यादी आली, एक्केचाळीस दोष. त्यातला सतरावा: सातव्या लेव्हलमध्ये दोन ठिकाणी चित्रं पंधराच्या खाली जातात. मी ती दोन ठिकाणं सुधारली, आगीला हात न लावता. अज्जावर तपासायला हवं होतं. त्या दोन जागा नेमक्या कुठे येतात, हे अंजलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी स्वतः बसू शकलो असतो. बसलो नाही, कारण मला ते सोसत नव्हतं. हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे.

बावीस जानेवारी. एक वाजत आला होता, सगळे जेवायला निघाले होते. मी तिला म्हणालो, जाण्याआधी सातवी दोनदा चालवून आकडे लिहून ठेव. ती म्हणाली, "तीच आगीची का, सर?" मी म्हटलं, "हो. दोनदाच. पटकन होईल." ती आत गेली, डबा बरोबर घेऊन. आम्ही दर्शिनीत गेलो. त्या दिवशी गर्दी होती, मग कुणाला तरी दुकानात काम होतं, आम्ही रमतगमत पावणेदोनला वर आलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दाराखालच्या फटीतून लाल उजेड येत होता, जात होता, येत होता. खेळणारा हलला नाही तर आपला तो किल्ला जळतच राहतो, तसा तो जळत होता. ती टेबल आणि भिंतीच्या मध्ये पालथी पडली होती. मी तिला उताणं केलं. अंग अजून गार झालं नव्हतं. डबा उघडलेला नव्हता. वहीत पहिल्या फेरीचा आकडा लिहिलेला होता. सतरा.

पोलीस येण्याआधी मी ती वही माझ्या बॅगेत टाकली. का टाकली, हे मला कुणी विचारलं नाही, कारण वही होती हेच कुणाला माहीत नव्हतं. आधीचा कागद होताच, फिट्सचा आजार. पंचनामा झाला, नैसर्गिक मृत्यू. तिचे वडील आले, तिला घेऊन गेले. शारदाबाई जिन्यातच बसून राहिल्या होत्या, त्यांना उठवायला दोघांना लागावं लागलं. तुला मी तेव्हा दोन ओळी पाठवल्या होत्या, अंजली फिट येऊन गेली म्हणून. 'फार वाईट झालं, तरुण होती' असं तू लिहिलंस. त्यात तुझी काही चूक नव्हती.

आणि मार्चमध्ये फॅक्स आला. बाजार बदलला आहे, नवी ग्राफिक्स कार्डं सगळीकडे आली आहेत, तेव्हा खोक्यावरून ४८६ काढत आहोत, किमान मशीन पेंटियम. अज्जावर चालण्याची गरजच उरली नाही. मी तो फॅक्स वाचला आणि नरसिंहरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला. खेळ मेमध्ये बाहेर आला, कुणी फारसा घेतला नाही, ऑगस्टात किडी बंद झाली.

यंदा जानेवारीत, वर्षश्राद्धानंतर, अंजलीचे वडील दामोदर ठवकर माझ्या घरी आले. पत्ता शारदाबाईंनी दिला. हडकुळा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हाताच्या रेघांत काळं तेल कायमचं बसलेलं. तिने माझ्याकडून नेलेलं पुस्तक परत द्यायला आलो म्हणाले. कस्तुरीने चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, एक इचारू का? आमच्या शेडमधी इंजन फेल झालं तं कागद निघते. कोनता पार्ट गेला, कोनं बसवला होता, कोनं तपासला, खाली सही. तवाच ते इंजन पुन्हा लाइनवर जाते. माह्या पोरीचा तसा कागद कोनीच नाही देल्ला. डॉक्टरच्या कागदावर तं 'कारन सापडलं नाही' असंच लिवलं हाय." मी म्हणालो, आजार होता, काका, आधी कधी दिसला नसेल एवढंच. ते म्हणाले, त्यांच्या घराण्यात कुणाला नाही, तिच्या आजीला नव्वद वर्षांत नाही. बायको म्हणते गरोदरपणी मी पडले होते, त्याचंच हे. वर्षभर ती तेच म्हणते आहे, नीट जेवत नाही. आणि धाकटी, स्वानंदी, तिचं जमलेलं लग्न मोडलं, मुलाकडच्यांना कळलं की घरात फिट्स आहेत. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. दोष कुठे आहे ते शोधणारा माणूस जशी एकेक गोष्ट बाजूला ठेवतो, तसं सांगितलं. निघताना म्हणाले, "तुमी तिले लय शिकवलं, ती पत्रात लिवत होती." मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. तेव्हाही बोललो नाही.

घरी आलो तर कस्तुरी दारातच उभी होती. म्हणाली, "तू त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाहीस. काय झालं होतं खरं?" मी सांगितलं. आधी सिनेमाच्या रिळाचं उदाहरण देऊन चित्रं म्हणजे काय ते, मग आग, मग डॉक्टर, मग वही. तिने मध्ये एकदाच तोंड उघडलं, "डॉक्टरांनी विचारलं होतं?" मी हो म्हणालो. "दोनदा?" हो. ती आत गेली. त्याच आठवड्यात ती पुण्याला माहेरी गेली आणि परत येऊन महिना होत आला, पण आम्ही दूध, वीज आणि पाहुणे याखेरीज फारसं काही बोलत नाही. मी तिला दोष देत नाही. ती गेली नाही, हेच पुष्कळ आहे.

मागच्या महिन्यात मी त्या डॉक्टरांकडे गेलो. पेशंटसारखा नंबर लावून बसलो. त्यांना मी आठवत नव्हतो, अंजली आठवली. मी सगळं सांगितलं आणि वही पुढे ठेवली. तिने शेरे लिहिणं थांबवलं नव्हतं, अद्वैत. मागच्या पानांवर, उलट्या बाजूने, तारखा घालून लिहिलं होतं: 'दोन मिनिट गेले.' 'हात सुटला.' 'सरांनी सांगितलं तसं मागे बसली, फरक नाही.' एकूण बावीस नोंदी. डॉक्टरांनी त्या सगळ्या वाचल्या. मग म्हणाले की काही लोकांच्या मेंदूला अशा लखलखाटाने झटका येतो, आणि सेकंदाला आठ-दहापासून वीस-पंचवीसपर्यंतचा लखलखाट सगळ्यात वाईट. प्रवृत्ती तिच्यात असेलही, पण तसा प्रकाश समोर आला नसता तर कदाचित जन्मभर कुणाला कळलंही नसतं. आईच्या पडण्याचा काही संबंध नाही. मी विचारलं, मी त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर? ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "तर मी तिला त्या पडद्यासमोर बसूच दिलं नसतं." मग त्यांनी लेटरहेड ओढलं आणि नवा कागद लिहून दिला, कारणासकट.

अकरावरून अठरावर नेलं, अद्वैत. अकरावरच राहिली असती तर आग हळू दिसली असती, लोक कंटाळले असते, खेळ परत आला असता. आपण जे मिळवलं त्याचाच तो आकडा होता. तुमच्या नव्या खेळात हाच तुकडा हवा, असं तू लिहितोस तेव्हा तुझ्या टेबलावर नक्कीच वेगवान मशीन आहे. सगळ्यात हळू मशीनसमोर कोण बसतं, ते एकदा जाऊन बघ. त्या माणसाचं नाव विचार. त्या खोलीत अंधार करून स्वतः दहा मिनिटं बस. मग तुला माझी फ्लॉपी नको होईल असं मला वाटतं.

आता हे पत्र आजच का, ते. काल शनिवारी मी अजनीच्या पत्त्यावर एक जाड पाकीट रजिस्टर केलं. त्यात अंजलीची वही आहे, डॉक्टरांचा नवा कागद आहे, आणि दामोदररावांनी मागितला होता तसा एक कागद मी माझ्या हाताने लिहून घातला आहे. दोष: सातव्या लेव्हलची आग. बनवणारा: अद्वैत. पुढे मी स्पष्ट लिहिलं आहे की तू ऑगस्टात गेलास, हळू मशीनवर ती कशी दिसते हे तुला माहीत नव्हतं आणि तू विचारलं होतंस. तपासणारा: सूर्यकांत, ज्याने तपासलं नाही. माहीत असून चालू ठेवणारा, डॉक्टरांशी खोटं बोलणारा आणि त्या दिवशी तिला आत पाठवणारा: सूर्यकांत. खाली माझी सही, तारीख. त्यांनी तो कागद पोलिसांना दाखवावा, मुलाकडच्यांना दाखवावा, पेपरात द्यावा, त्यांच्या मनात येईल ते करावं. मी इथेच आहे असंही लिहिलं आहे. बनवणाऱ्याचा पत्ता असल्याशिवाय तसला कागद पुरा होत नाही, म्हणून तुझ्या नावापुढे तुझा तिकडचा पत्ता मी दिला आहे. तुला न विचारता दिला. पाकीट चार-पाच दिवसांत पोहोचेल, हे पत्र तुला दहा-बारा दिवसांनी मिळेल, तोवर कदाचित नागपूरहून तुला काहीतरी निघालेलंही असेल. अक्षर ओबडधोबड असेल, भाषा तिकडची असेल. ते बहुतेक एवढंच विचारतील की तो पार्ट तू कसा बनवला होतास. त्यांना नीट समजेल असं, काही न गाळता, उत्तर लिही.

तुझाच,
सूर्यकांत